भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय? आधी वारस नोंद होऊ द्या

ताई, तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, भाऊ, तुम्ही आणि आजी, म्हणजे वडिलांची आई. गावाकडचं शेत आणि शहरातला फ्लॅट, दोन्ही वडिलांनी पगारातून घेतलेले. भावाचं म्हणणं, तुझ्या लग्नात खर्च झालाय, आता हक्कसोड कर. आणि एफडीला नॉमिनी मी आहे, म्हणून ती माझी.

सही आत्ता करू नका. भांडायचीही गरज नाही. आधी वारस नोंद होऊ द्या, म्हणजे वडिलांच्या जागी सगळ्या वारसांची नावं कागदोपत्री लागू द्या.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे स्वकष्टार्जित मिळकतीत तुम्हा चौघांचा सारखा, म्हणजे चौथा-चौथा हिस्सा. लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही. (शेत वडिलोपार्जित असतं तर हिशेब वेगळा बसला असता, पण तिथेही मुलीचा हक्क मुलाइतकाच. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो वाद मिटवलाय.)

आजीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण खरी गोम तिथे आहे. तिच्या पश्चात, तिनेही मृत्युपत्र केलं नाही तर, तिचा चौथा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जाणार. म्हणजे वडिलांच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये काका आणि आत्यांची नावं येणार. वडिलांच्या वाटचा भाग तुम्हा भावंडांना मिळेल, आईला त्यातलं काही नाही. सून तिथे वारस ठरत नाही. तेव्हा आजीला काय वाटतं ते आत्ताच, सगळ्यांसमोर विचारा. मृत्युपत्र करायचं की बक्षीसपत्र की काहीच नाही, हे तिनेच ठरवायचं.

शेताच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जातं. त्यात शेवटी 'यांव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत' असं एक वाक्य असतं. बहिणींची नावं गळतात ती इथे. भावाने अर्ज आधीच दिला असेल तर फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोंद काढून बघा. नाव नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करण्याआधी लेखी हरकत द्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण जमीन विकली गेली की कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

एफडीचे पैसे बँक नॉमिनीच्या हाती देईल, इतकंच. वारसांच्या वतीने ते सांभाळायचे असतात. विम्याच्या पॉलिसीचा नियम मात्र २०१५ पासून बदललाय, ती या हिशेबात धरू नका.

पुढे मनापासून हक्क सोडावासा वाटला तर जरूर सोडा. फक्त दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. भावाने आणलेल्या साध्या स्टँपपेपरवर सही नको. कोणाच्या लाभात सोडताय ते नाव नीट वाचा, कारण असा दस्त तुम्हाला एकतर्फी मागे घेता येत नाही. आणि आईला तिचा हिस्सा मुलाच्या नावे सोडू देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घर तिच्या नावावर असलं की घरात तिला विचारलं जातं.

शेतावर सोसायटीचं पीककर्ज आहे का? सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात बोजा दिसेल. असेल तर इथे रक्कम लिहा, मग वाटपाचं बोलू.