अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत सरकारनिष्ठ मिलिशिया (राज्य सरकारने साध्या नागरिकांतून उभं केलेलं सशस्त्र दल) निघाली होती, ती नुसती लुटारूंची टोळी होती असं वाचलं. खरं आहे का? आणि ती संपली कशी?

टोळी होती हे मला अजिबात मान्य नाही. लुटालूट काही ठिकाणी झाली, ते खाली सांगतोच, पण आधी ती का काढावी लागली ते बघा.

१८६५ ला युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच आपापली मिलिशिया उभी केली. भरती कोणाची, तर कालपर्यंत बंडखोर, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सैन्यात असलेल्यांचीच! हे लोक नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या घरात शिरून त्यांच्या बंदुका काढून घ्यायचे, म्हणून मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, या मिलिशिया बरखास्त केल्या. मग कृष्णवर्णीयांना मतदान मिळालं, लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाची सरकारं आली, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेचे लोक त्यांच्या मतदारांना रात्री घरातून ओढून मारायला लागले. तेव्हा ही नवी मिलिशिया निघाली, तिच्यात कृष्णवर्णीय आणि युद्धात युनियनशी, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूशी, एकनिष्ठ राहिलेले गोरे.

लुटीच्या तक्रारी खूप आहेत त्या आर्कान्सामधल्या. तिथला गव्हर्नर पॉवेल क्लेटन, युनियनच्या घोडदळातला माणूस. केंद्राने शस्त्रं द्यायला नकार दिला म्हणून त्याने न्यूयॉर्कहून हजारो बंदुका मागवल्या, तर ऑक्टोबर १८६८ मध्ये मेम्फिसजवळ बुरखे घातलेल्या लोकांनी हेस्पर नावाची बोट गाठली आणि सगळा माल मिसिसिपी नदीत फेकून दिला. त्याच महिन्यात जेम्स हाइंड्स या खासदाराचा खून झाला. क्लेटनने अध्यक्षीय निवडणूक होऊ दिली आणि दुसऱ्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा पुकारला. मिलिशियाने लोकांचे घोडे, धान्य जबरदस्तीने उचललं हे खरं आहे आणि ज्यांचं गेलं त्यांचा राग मी समजू शकतो, पण चारेक महिन्यांत त्या राज्यातल्या क्लॅनचं कंबरडं मोडलं हेही तितकंच खरं, आणि हे सांगताना ते नेमकं गाळलं जातं.

म्हणजे वरचा माणूस खंबीर असला की मिलिशिया काम करत होती. पण नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नर होल्डनने १८७० मध्ये तेच केलं, तर विरोधकांनी निवडणूक जिंकली आणि महाभियोग चालवून १८७१ मध्ये त्यालाच घरी पाठवलं. बाकीच्या गव्हर्नरांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते उघड आहे.

आणि मग साउथ कॅरोलायनातलं हॅम्बर्ग. सवाना नदीकाठचं छोटं गाव, वस्ती बहुतेक कृष्णवर्णीयांची, त्यांची मिलिशियाची एक कंपनी होती आणि कॅप्टन होता डॉक ॲडम्स. ४ जुलै १८७६, देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली त्या दिवशी कंपनीची रस्त्यावर परेड चालू होती. घोडागाडीतून दोन गोरे तरुण आले आणि आम्हाला मधूनच वाट द्या म्हणून अडून बसले. बाजूला भरपूर जागा होती. बाचाबाची झाली, शेवटी ॲडम्सने रांगा फाकवून त्यांना जाऊ दिलं. तरी ॲडम्सवर खटला झाला, आणि ८ जुलैला त्या तरुणांच्या बाजूने वकील म्हणून आला मॅथ्यू बटलर, बंडखोर सैन्यातला माजी जनरल, आणि त्याच्या मागोमाग शेकडो बंदूकधारी. त्याची मागणी एकच, बंदुका आमच्या ताब्यात द्या. ॲडम्स म्हणाला या बंदुका सरकारच्या आहेत, तुम्हाला देता येणार नाहीत. मला हे उत्तर फार मोठं वाटतं, कारण कायद्याने तोच बरोबर होता आणि त्या संध्याकाळी कायद्याच्या बाजूने उभी असलेली तेवढीच माणसं तिथे होती. ते एका पक्क्या इमारतीत शिरले, गोऱ्यांनी नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली. गोळीबारात एक गोरा मेला. पकडलेल्यांपैकी चार जणांना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. शिक्षा एकालाही झाली नाही.

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला कोर्टाची इमारत राखणाऱ्या कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं होतं. शरण आलेल्यांनाही मारलं होतं तिथे.

१८७७ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानातल्या सरकारांमागे उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं, ती सरकारं पडली आणि मिलिशियाला पाठिंबाच उरला नाही. हॅम्बर्गच्या शेजारी नॉर्थ ऑगस्टात १९१६ साली स्मारक उभं राहिलं, तेही मेलेल्या त्या एका गोऱ्याचं. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी या काळाचा इतिहास लिहीत होते, आणि मिलिशिया म्हणजे लुटारू हा तुम्ही वाचलेला सूर पुढे बराच काळ शाळा-कॉलेजांत चालला तो त्यांच्यामुळे.