फुकटचे सॉफ्टवेअर, विकाऊ अभंग

प्रश्न : तुकोबांच्या सहा अभंगांना मी स्वतः चाली लावल्या आणि ऑडॅसिटी व हायड्रोजन या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर घरीच ध्वनिमुद्रण केले. हे संगीत विकता येईल का, कुठे विकावे, आणि जाहिरातीत सॉफ्टवेअरचा उल्लेख करावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : निःशंकपणे विका. ही सॉफ्टवेअर ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतात, तो प्रोग्रॅमच्या प्रती आणि त्यातील बदल यांच्यापुरता आहे; त्यांवर तयार झालेले गाणे त्याच्या कक्षेत येत नाही. कुदळ फुकट मिळाली म्हणून विहीर गावाच्या मालकीची होत नाही. अभंगांच्या शब्दांवरही आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही, कारण १९५७च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. चाल मात्र खरोखर तुमचीच आहे ना, हे एकदा तपासा. लहानपणापासून कानावर पडलेली चाल आपलीच वाटू लागते आणि तिचा संगीतकार विसाव्या शतकातला निघतो.

खरी जोखीम ठेक्यांच्या तयार नमुन्यांत आहे. हायड्रोजनसाठी मिळणाऱ्या ड्रमकिटचे, म्हणजे तालवाद्यांच्या तयार ध्वनिसंचांचे, परवाने वेगवेगळे असतात, आणि ‘अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट असलेला नमुना विक्रीच्या गाण्यात चालत नाही. शक्य असल्यास ओळखीच्या पखवाजवादकाकडून वाजवून घ्या व मानधन आणि हक्क यांबाबत चार ओळींचे लेखी करून ठेवा.

स्पॉटिफायवर वितरकामार्फतच जावे लागते, आणि २०२४पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तेथे मोबदला मिळत नाही. म्हणून ते ओळख होण्यापुरते ठेवावे, असे मला वाटते. बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि पैसे भरण्याचे शुल्क कापून उरलेली रक्कम तुम्हाला देते. अडचण अशी की ही रक्कम पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेमार्फत येते आणि पेपालने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार थांबवले आहेत. तेव्हा ते दुकान परदेशातील मराठी श्रोत्यांसाठी मांडा. इथल्या श्रोत्यांसाठी भजनानंतर पेनड्राइव्ह आणि यूपीआयचा कोड अधिक उपयोगी पडेल.

सॉफ्टवेअर पाहून गाणे कोणी विकत घेत नाही, त्यामुळे श्रेयनामावलीतील एक ओळ पुरे. त्याऐवजी संगीतकार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या सभासदत्वासाठी अर्ज करा आणि चाली तेथे नोंदवा, म्हणजे पुढे त्या जाहीरपणे वाजल्या तर रॉयल्टीवर दावा सांगता येईल.