वेज इश्यू म्हणजे पाचर, कळीचा मुद्दा नव्हे

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांवरच्या एका लेखात 'समलिंगी विवाह हा २००४ मधला कळीचा मुद्दा होता' असं वाक्य वाचलं. मूळ शब्द 'वेज इश्यू' असावा. त्यासाठी 'कळीचा मुद्दा' योग्य आहे का?"

नाही. अजिबात नाही. आणि कृपा करून त्या 'वेज'ला 'व्हेज'ही लिहू नका.

कुलपाची किंवा यंत्राची कळ फिरवली की पुढचं सगळं आपोआप होतं. ज्यावर निकाल खरोखर अडलेला असतो तो कळीचा मुद्दा. 'कळीचा नारद'मधली कळ निराळी, ती भांडणाची. या दोन कळींची गल्लत झाल्यामुळेच भांडण लावणारा कुठलाही मुद्दा 'कळीचा' ठरू लागला, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी 'वेज' या दोन्हींत बसत नाही. वेज म्हणजे पाचर : एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला जाड, घणाने ठोकायची. वेज इश्यू म्हणजे विरोधकाच्या मतदारांत फूट पाडायला पुढे केलेला मुद्दा.

प्रश्नातलंच उदाहरण पाहा. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या विवाहाच्या बाजूने निकाल दिला. २४ फेब्रुवारी २००४ रोजी रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी, विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही व्याख्या देशाच्या घटनेतच घालावी अशी मागणी केली. अमेरिकेत घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, मग ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. अध्यक्षाची सही लागतच नाही. १४ जुलैला सेनेटमध्ये चर्चा आवरून मतदानाकडे जाण्यासाठी ६० मतं हवी होती, पडली ४८. ३० सप्टेंबरला प्रतिनिधिगृहात २२७ विरुद्ध १८६, म्हणजे पुन्हा दोन-तृतीयांशाच्या खाली. दुरुस्ती होणार नाही हे जुलैतच उघड झालं होतं, तरी प्रचार वाढतच गेला. ज्या विषयात अध्यक्षाला औपचारिक अधिकारच नाही, जो संसदेत पडलेला आहे, तो अध्यक्षाच्या निवडणुकीत 'कळीचा' कसा असेल? कळीचे मुद्दे इराक आणि दहशतवाद हे होते. विवाह ही पाचर होती.

आता प्रतिशब्द. 'विभाजक मुद्दा' म्हणणारे शब्दाचा अर्धाच अर्थ घेतात. 'दुहीचा मुद्दा' तर सरळ चुकीचा, कारण दुही कुणाच्याही भांडणात असते. वेज इश्यूमध्ये दुही दुसऱ्याच्या घरात पडावी लागते आणि आपलं घर एकसंध राहावं लागतं. काही भाषांतरकार 'मेख' सुचवतात आणि वर तीच अस्सल मराठी आहे असं सांगतात. मेख फारसीतून आली आहे. फारसीत मीख म्हणजे खिळा, खुंटी. बाणाग्रासारख्या खुणांच्या प्राचीन क्यूनिफॉर्म लिपीला तिथे 'खत्त-ए-मीखी' म्हणतात. पण परका असणं हा मेखेचा दोष नाही. दोष हा की मेख धरून ठेवते. तंबूची मेख तंबू फाडत नाही. 'यात एक मेख आहे' म्हणजे छुपी अडचण आहे. समलिंगी विवाहाच्या प्रचारात छुपं काहीही नव्हतं.

राहिली पाचर, आणि माझा जीव अडकला आहे तो हिच्यात. मराठीत पाचर. गुजरातीत त्याच वस्तूला फाचर म्हणतात, आणि 'फाचर मारवी' म्हणजे मोडता घालणं. हिंदीत पच्चर. तिन्ही भावंडं आहेत हे ऐकताक्षणी कळतं. गुजराती 'फाचर'च्या कानाशी फाक आहे, फाटणं आहे. हिंदी 'पच्चर'च्या शेजारी पच्ची आहे : संगमरवरात रंगीत दगड असा बसवायचा की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये, ती पच्चीकारी. म्हणजे एका भावंडाला फोडणं आठवतं आणि दुसऱ्याला घट्ट बसवणं. माझं अनुमान असं, की मुळात हे दोन अर्थ एकाच वस्तूचे होते आणि प्रत्येक भाषेने आपल्याला हव्या त्या बाजूचा ध्वनी धरून ठेवला. व्युत्पत्तीचे जाणकार याला लोकव्युत्पत्ती म्हणून झटकून टाकतील. झटकू देत. त्यांनी आधी सुताराच्या हातातली पाचर पाहावी.

कारण सुतार एकच पाचर दोन कामांना वापरतो. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, की दांड्याच्या डोक्यात चीर पाडून तिच्यात पातळ पाचर ठोकतात. लाकूड फुगतं आणि पातं हलत नाही. तीच पाचर ओंडक्यात ठोकली तर ओंडका दुभंगतो. राजकारणातली पाचर ही दोन्ही कामं एकाच ठोक्यात करते : विरोधकाचा ओंडका फोडते आणि आपला सैल दांडा घट्ट करते. 'विभाजक'मध्ये दुसरा अर्थ येत नाही, 'मेख'मध्ये पहिला येत नाही. 'पाचर'मध्ये दोन्ही आहेत.

ओंडका फोडण्याची रीत नीट समजून घेतली तर अमेरिकी प्रचाराची रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाचर अखंड लाकडात शिरत नाही. आधी टोकाला कुऱ्हाडीने चीर पाडावी लागते, किंवा वाळताना पडलेली चीर शोधावी लागते. पाचर ओंडक्याहून कठीण लाकडाची हवी. पंचतंत्रातल्या माकडाने अर्धवट चिरलेल्या खांबातून उपटलेली पाचरही खैराची आहे. पाचर फार जाड असेल तर उसळून बाहेर येते, फार पातळ असेल तर आत जाते पण लाकूड उघडत नाही आणि तिथेच रुतते. रुतलेली काढायला पुढे त्याच चिरेत दुसरी ठोकावी लागते. आणि गाठ लागली की चीर आपल्या मनाने वळते, कधी फोडणाऱ्याच्या पायाकडे.

२००४ मधला ओहायो घ्या. चीर आधीपासून होती : डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे, पण रविवारी चर्चला जाणारे कृष्णवर्णीय मतदार आणि कामगार संघटनांतले कॅथलिक. बुश यांचे प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांची भूमिका पाचरीसाठी अगदी सोयीची होती. त्यांचा समलिंगी विवाहाला विरोध, नागरी जोडीदारीला (विवाहाचं नाव नसलेल्या कायदेशीर नात्याला) पाठिंबा, घटनादुरुस्तीला विरोध. तीन वाक्यांची भूमिका दोन वाक्यांच्या भूमिकेपुढे नेहमी लंगडी दिसते. २ नोव्हेंबरला अध्यक्षीय मतदानाबरोबरच ११ राज्यांत विवाहाच्या व्याख्येवर मतदान झालं. अकराही ठिकाणी बंदी मंजूर झाली, ऑरेगनमध्ये सुमारे ५७ टक्क्यांनी, मिसिसिपीत ८६ टक्क्यांनी. ओहायोतल्या बंदीच्या प्रस्तावाला, म्हणजे 'इश्यू १'ला, सुमारे ६२ टक्के मतं मिळाली. बुश यांनी ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकलं. तिथली अध्यक्ष निवडणारी २० प्रतिनिधी-मतं फिरली असती तर केरी अध्यक्ष झाले असते.

म्हणून 'समलिंगी विवाहानेच बुश यांना जिंकवलं' असं बेधडक लिहिणारेही चुकतात. त्याच दिवशी तीच बंदी मिशिगन आणि ऑरेगनमध्येही मंजूर झाली आणि दोन्ही राज्यं केरींकडे गेली. पाचर ठोकली गेली हे खरं. ओंडका तिनेच फुटला हे सिद्ध करायला जास्त पुरावा लागतो.

पाचर कशी ठोकतात ते जवळून पाहायचं असेल तर त्या सप्टेंबरचं एक टपालपत्रक पुरेसं आहे. रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने ते वेस्ट व्हर्जिनिया आणि आर्कान्सामध्ये पाठवलं होतं. एका बाजूला बायबलचं चित्र, त्यावर 'बंदी' असा शब्द. दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसून दुसऱ्या पुरुषाच्या बोटात अंगठी घालणारा पुरुष, त्यावर 'परवानगी'. दोन चित्रं, दोन शब्द. बायबलवर बंदी घालायला कुणीही निघालं नव्हतं. केरींचं नागरी जोडीदारीवरचं म्हणणं वाचकापर्यंत पोचायच्या आत चीर पडलेली असते, आणि ज्या माणसांच्या लग्नाचा हा प्रश्न, त्यांना चित्रापलीकडे जागाच उरत नाही. हे मला मनापासून संतापजनक वाटतं. पाचरीला ओंडका महत्त्वाचा असतो, ज्याच्या जिवाची पाचर केली तो माणूस नाही.

गाठींचंही पाहा. 'इश्यू १'चं दुसरं वाक्य इतकं रुंद होतं की विवाहासारखा परिणाम साधणाऱ्या, अविवाहितांच्या कुठल्याही नात्याला त्याने कायदेशीर दर्जा नाकारला. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर बॉब टाफ्ट आणि दोन्ही रिपब्लिकन सेनेटर, माइक डीवाइन आणि जॉर्ज व्हॉइनोविच, या मजकुराच्या विरोधात होते. म्हणजे चीर स्वतःच्या पायाकडेही गेली. मग कोर्टात वाद उभा राहिला की अविवाहित जोडीदाराला मारहाण करणाऱ्यावर घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू होतो की नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो लागू होतो असा निकाल दिला. समलिंगी जोडप्यांवर नेम धरून लिहिलेल्या वाक्याने भिन्नलिंगी संसारातल्या मार खाणाऱ्या बायकांचं संरक्षण जवळजवळ तीन वर्षं टांगणीला लावलं.

लाकूडफोडीचा अध्यक्षपदाशी आणखी एक संबंध आहे. १८६० च्या मे महिन्यात इलिनॉयमधल्या डेकेटर इथे रिपब्लिकनांच्या राज्य अधिवेशनात कुंपणाचे दोन दांडे वाजतगाजत आणले गेले, आणि ते तरुण अब्राहम लिंकन यांनी फोडलेले आहेत असं जाहीर झालं. तिथून लिंकन प्रचारात 'रेल-स्प्लिटर' झाले. ओंडक्याचे असे लांब दांडे घण आणि पाचरीनेच फोडतात. त्याच लिंकन यांच्या लाकडी झोपडीवरून समलिंगी रिपब्लिकनांच्या संघटनेने 'लॉग केबिन' हे नाव घेतलं, आणि २००४ मध्ये त्या संघटनेने स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाला पाठिंबा द्यायला नकार दिला. उपाध्यक्ष डिक चेनी यांनीही त्या ऑगस्टमध्ये आयोवात सांगितलं की हा विषय राज्यांकडे राहावा. बुश यांच्या त्या प्रचाराचे व्यवस्थापक केन मेलमन यांनी २०१० मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं.

पाचर एकाच पक्षाच्या हातात असते असंही नाही. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विवाहाची व्याख्या आवळणारा कायदा मंजूर केला, सेनेटमध्ये ८५ विरुद्ध १४. डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी निवडणुकीच्या सहा आठवडे आधी त्यावर सही केली, आणि त्यांच्या प्रचाराने ख्रिस्ती रेडिओवर त्याची जाहिरातही चालवली. दुसऱ्याने ठोकण्याआधी चीर बुजवायची, हा तो डाव. त्याची किंमत समलिंगी जोडप्यांनी पुढची १७-१८ वर्षं मोजली.

लाकूड बदललं की तीच पाचर सैल पडते. मे २०१२ मध्ये बराक ओबामा यांनी समलिंगी विवाहाला उघड पाठिंबा दिला आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच दिवशी मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी अशा विवाहांना होकार दिला. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी देशभर हक्क दिला, आणि त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते जिम ओबरगेफेल ओहायोचेच. डिसेंबर २०२२ च्या विवाह-सन्मान कायद्याला सेनेटमधल्या १२ आणि प्रतिनिधिगृहातल्या ३९ रिपब्लिकनांनी मतं दिली. आता फट ठोकणाऱ्यांच्याच ओंडक्यात दिसत होती, म्हणून पाचर उचलून दुसरीकडे नेली गेली. २०२४ च्या ट्रम्प प्रचाराची गाजलेली जाहिरात पारलिंगी व्यक्तींवर होती आणि तिचा शेवट सर्वनामावर : कमला हॅरिस 'दे-देम'च्या (स्वतःला पुरुष वा स्त्री न म्हणवणारे काही जण इंग्रजीत वापरतात ती सर्वनामं), ट्रम्प तुमचे. इतकी पातळ पाचर दुसरी नसेल. मराठीत ती ठोकताही येत नाही, कारण आपलं 'ते' आधीच नपुंसकलिंगी एकवचन, पुल्लिंगी अनेकवचन आणि आदरार्थी अशा तिन्ही घरांत राहतं.

वापराचं सांगायचं राहिलं. 'पाचरीचा मुद्दा' किंवा सरळ 'पाचरमुद्दा' लिहा. शब्द स्त्रीलिंगी : ती पाचर, त्या पाचरी. चावडीवरच्या बोलीत त्याला एक उग्र अर्थ चिकटला आहे म्हणून संपादक बिचकतात. बिचकायचं कारण नाही, 'मुद्दा' जोडला की तो अर्थ गळून पडतो. क्रियापद मात्र जपून निवडा. 'पाचर मारणे' म्हणजे मोडता घालणे हे मराठीत रुळलेलं आहे, ते इथे आणलंत तर वाचक बुश यांनी कुठलं तरी काम अडवलं असं समजेल. इथे 'ठोकणे' हवं : "२००४ मध्ये रिपब्लिकनांनी समलिंगी विवाहाची पाचर डेमोक्रॅटिक मतदारांत ठोकली."