जुन्या संगणकाच्या एसएमपीएसपासून प्रयोगांसाठी पॉवर सप्लाय करता येईल का?

शिरपूरच्या आपल्या घरी जुन्या संगणकाचा ४५० वॅटचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून संगणकाला लागणारे कमी व्होल्ट देणारा डबा) पडून आहे, तो प्रयोगांच्या टेबलावर वापरता येईल का आणि त्यात धोका कोणता, असे आपण विचारले आहे. वापरता येईल, अमळनेरला माझ्या टेबलावर असाच एक सप्लाय बरीच वर्षे चालू आहे.

चालू करणे सोपे आहे. २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी वायर एका साध्या स्विचमधून कोणत्याही काळ्या वायरीला जोडली की पंखा फिरू लागतो. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात; तरी रंगावर विसंबून न राहता मल्टीमीटरने खात्री करावी. जुने सप्लाय भार (वीज घेणारे काही जोडलेले) नसला तर डळमळतात किंवा लगेच बंद पडतात, म्हणून लाल आणि काळ्या वायरीमध्ये १० ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर कायमचा लावावा. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो आणि तो चांगलाच तापतो, तेव्हा तो पंख्याच्या वाऱ्यात राहील असे पाहावे.

डबा मात्र उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. वायरी बाहेर आहेतच. टर्मिनल वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यावर बसवावेत.

दुसरी गोष्ट फ्यूजची. लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलेले असेल, तर आतले संरक्षण त्याहून जास्त प्रवाह गेल्यावरच जागे होते. तोपर्यंत ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडण्याच्या पट्टीच्या) बारीक वायरीचे प्लास्टिक वितळून गेलेले असते. मी प्रत्येक टर्मिनलच्या आधी २ अँपिअरचा फ्यूज लावला आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. सप्लाय जोडल्यावर पहिल्याच दिवशी अनवाणी उभे राहून त्याच्या डब्याला हात लावला, तर बोटांना मुंग्या आल्या. डबा आणि नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये मल्टीमीटरने ११० व्होल्टच्या आसपास दाखवले. कारण असे की फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याला जोडलेले छोटे कपॅसिटर आत असतात, आणि अर्थिंग नसेल तर डबा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. काळ्या वायरी डब्यालाच जोडलेल्या असल्यामुळे आपले सर्किटही त्याच व्होल्टेजवर जाते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एखादी नाजूक आयसी (चिप) जाण्यास तेवढा पुरतो. आमच्या जुन्या घरातल्या सॉकेटला तिसरे भोक होते, त्यामागे वायरच नव्हती! वायरमनकडून ती अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत ओढून घेतल्यावर मुंग्या थांबल्या.

आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि खरोखर फेज डब्याला लागला तर फ्यूज उडण्याइतका प्रवाह जमिनीत जात नाही. त्यामुळे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तुळशीला पाणी घालताना मी एक बादली त्या खड्ड्यातही ओततो.