मंडळीतल्या ट्रेझर हंटवरून दोन घरांत अबोला

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ दरवर्षी गाड्यांतून ट्रेझर हंट, म्हणजे क्लू (कोडी) सोडवत ठिकाणं शोधायचा खेळ, ठेवतो. गेल्या वर्षी 'जो आधी परत येईल तो जिंकला' असा नियम होता. दोन गाड्या पाम बीच रोडवर सुसाट सुटल्या. एका टीमने ओळखीच्या माणसाला फोन करून उत्तरं काढली, असाही आरोप झाला आणि जेवणाच्या पंगतीतच दोन घरांचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून ती माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. यंदा कमिटीने हे काम माझ्यावर सोपवलंय. सासरे म्हणतात, खेळच बंद करा. काय करू?
– एक बहीण, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : ताई, खेळ बंद करू नका. बंद केलात तर 'यांच्यामुळे बंद पडला' हा शिक्का त्या दोन्ही घरांवर कायमचा बसेल. सासऱ्यांची काळजी खरी आहे, पण चूक माणसांपेक्षा नियमात जास्त होती. आधी येणारा जिंकणार म्हटल्यावर गाडी पळणारच. कमिटीत हे याच शब्दांत मांडा. कुणाचंही नाव न घेता गेल्या वर्षीचा विषय मिटवायला जागा मिळते.

यंदा लवकर येण्याला गुण ठेवू नका. उपासनेनंतर 11 वाजता गाड्या सोडा आणि परतीची वेळ 1 ते 1:30 ठेवा. त्या अर्ध्या तासात कधीही आलं तरी सारखंच. उशिराच्या दर 5 मिनिटांना 5 गुण वजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किलोमीटरची मर्यादा. तुम्ही स्वतः आधी मार्ग फिरून अंतर मोजा, त्यात 4 किलोमीटर जास्त धरा आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरला 5 गुण कापा. मग लोक गाडी हाकण्याआधी डोकं चालवतात. निघताना आणि आल्यावर मुख्य ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या आकड्याचा, फोटो घ्या. ट्रिप मीटर नको, तो शून्यावर आणता येतो.

सगळ्या गाड्यांना एकच क्रम दिलात तर मागची गाडी पुढचीच्या मागे लागते आणि शर्यत पुन्हा सुरू. ठिकाणं 8 ठेवा, पण प्रत्येक गाडीची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करा. अंतरं थोडी बदलतील, म्हणून मर्यादाही प्रत्येक गाडीला वेगळी लिहून द्या. पाम बीच रोड मार्गातून काढूनच टाका. सरळ, रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. एपीएमसीची, म्हणजे घाऊक बाजाराची, बाजूही टाळा, तिथे ट्रकांत अडकायला होतं. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूरच्या सेक्टरांतले आतले रस्ते बरे. सेक्टरांचे आकडे तुमच्या कामाचे आहेत : दोन उत्तरांची बेरीज म्हणजे पुढचा सेक्टर, असं कोडं मुलांनाही सुटतं.

क्लू लिहिताना मोजायला लावणारे प्रश्न जपून घाला. 'पायऱ्या किती' विचारलं की जमिनीलगतचा दगड धरायचा की नाही यावर वाद ठरलेला. होर्डिंग, टपरी, भिंतीवरचं चित्र आठवड्यात बदलतं. कोनशिलेवरचं साल सगळ्यांत भरवशाचं. काही बागा दुपारी बंद असतात, म्हणून उत्तर फाटकाबाहेरून दिसेल असंच ठेवा. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती बैठी घरं, क्लूसाठी फार सुंदर आहे. पण तिथे लोक राहतात, तेव्हा गाडी बाहेर लावून चालत जायचं आणि कुणाची बेल वाजवायची नाही. रेल्वेचा क्लू हवा असेल तर 1992 मध्ये खाडी ओलांडून लोकल ज्या स्टेशनात आली ते वाशी घ्या, फोटो मात्र बाहेरच्या रस्त्यावरूनच. आदल्या दिवशी सगळी ठिकाणं एकदा पुन्हा बघून या.

प्रत्येक टीमला दर ठिकाणासाठी एक बंद पाकीट द्या, आत ठिकाणाचं नाव. अडले तर फोडायचं, त्या क्लूचे 10 गुण गेले. न फोडलेली पाकिटं परत द्यायची. याने रस्ता चुकून हिरमुसणं वाचतं.

फोनचा वाद इथेच संपवा : मॅप, गूगल, ओळखीच्यांना फोन, सगळं चालेल. जो नियम तपासता येत नाही तो करायचाच नाही, नाहीतर संशयाला खतपाणी मिळतं. उत्तराचे फोटो मात्र ग्रुपवर नकोत, फक्त तुमच्या नंबरवर. ग्रुपवर पडले की बाकीच्यांना फुकट उत्तरं.

ड्रायव्हरने फक्त गाडी चालवायची. फोन, क्लू, फोटो बाकीच्या तिघांकडे. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा. सीएनजी आदल्या रात्री भरून घ्यायला सांगा, रांगेत अर्धा तास गेला की त्या टीमचा दिवस नासतो.

वस्तू गोळा करायला सोप्याच द्या : खाली पडलेलं पिंपळाचं पान, त्या दिवसाचं मराठी वर्तमानपत्र, एनएमएमटी बसचं तिकीट. शिवाय प्रत्येक गाडीने 2 किलो तांदूळ आणि 1 किलो तूरडाळ आणायची, त्याला 20 गुण. ते धान्य पाळकसाहेबांकडे गरजू घरांसाठी द्या.

आता ती दोन घरं. टीम चिठ्ठ्या टाकूनच पाडा, पण एका घरातली दोन माणसं एका गाडीत नकोत, आणि या दोन घरांची एकत्र तर मुळीच नकोत. माफी मागायला लावू नका. चारचौघांत तर नाहीच. घोषणेच्या आधी दोघा कर्त्यांना वेगवेगळं, घरी जाऊन भेटा. नवे नियम आधी त्यांना दाखवा, त्यांचं मत विचारा आणि काम द्या : एकाने निघताना ओडोमीटरचे आकडे लिहायचे, दुसऱ्याने परतल्यावर. वही एकच ठेवा, म्हणजे ती एकाने दुसऱ्याला द्यावीच लागेल. एखाद्याने नकार दिला तर आग्रह करू नका, ते काम संडे स्कूलच्या शिक्षिकेला सांगा, आणि त्यांना जेवायला मात्र नक्की बोलवा.