कार्ड बसवायला बी.ई. कशाला?

धायरीहून एका आईनं लिहिलंय : "मुलगा बी.ई. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत क्लस्टरमध्ये कोप्रोसेसर कार्डं बसवण्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे, फी बारा हजार. तो हट्टाला पेटलाय. त्याचे बाबा म्हणतात, मशीन उघडून कार्ड तर तापकीर गल्लीतला पोरगाही बसवतो. काय करू?"

नमस्कार ताई,

पाठवा. मात्र पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा, ते पुढे सांगतो.

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली अनेक मशीनं, त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड. कोप्रोसेसर म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या मदतीला जड आकडेमोड करणारं कार्ड. बाबांचं एक म्हणणं खरं आहे. कार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात. नोडची वीज काढायची, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, कार्ड सरळ धरून स्लॉटमध्ये नीट बसेपर्यंत दाबायचं, पॉवरची केबल जोडायची. खरं काम त्यानंतरचं. मशीन चालू केल्यावर कार्ड दिसतंय का? नसेल तर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंगपासून शोध घ्यायचा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, जुळवायचा, तोही सगळ्या नोडवर एकसारखा. मग स्लर्मला, म्हणजे लोकांची कामं (जॉब) रांगेत लावून नोडवर वाटणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचं की या नोडवर दोन कार्डं आहेत. नाहीतर कार्डं असूनही ती कुणाच्या जॉबच्या वाट्याला नीट येत नाहीत.

मी सिस्टिम अ‍ॅडमिन असताना आम्ही सर्व्हरसाठीचं, स्वतःचा पंखा नसलेलं कार्ड साध्या कॅबिनेटमध्ये बसवलं होतं. अशी कार्डं सर्व्हरच्या पंख्यांच्या झोतावर थंड राहतात, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. कार्ड चालायचं, पण काही मिनिटांत तापून वेग कमी करायचं. दोन दिवस आम्ही एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला दोष देत बसलो. तापमानाचा आकडा पाहिला तेव्हा चूक कुणाची ते कळलं. त्या मुलाची मी माफी मागितली. तेव्हापासून नवं कार्ड लावलं की आधी तापमान बघतो.

म्हणून पहिला प्रश्न : एका नोडमागे किती मुलं, आणि प्रत्येकाला तो स्वतः उघडायला मिळणार का? पंधरा जणांनी भोवती उभं राहून बघायचं असेल तर बारा हजार देऊ नका.

दुसरा : कार्ड लावल्यावर तोच प्रोग्रॅम कार्डाशिवाय आणि कार्डासह चालवून वेळ मोजणार का? दहा तासांच्या कामातला दोन तासांचा भाग कार्डाला देताच येत नसेल, तर कार्ड कितीही वेगवान असो, काम दोन तासांच्या आत येत नाही. हे ज्याला आकड्यांत दाखवता येतं, त्याचं म्हणणं शास्त्रज्ञही ऐकून घेतात.

कार्ड कोणतं तेही विचारून ठेवा. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं 2013 मध्ये 'परम युवा 2' हा महासंगणक पुण्यातच उभा केला, त्यात इंटेलची झिऑन फाय कोप्रोसेसर कार्डं होती. एका कार्डात 60 कोअर (आकडेमोड करणारे भाग), आणि कार्डावर स्वतःची छोटी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. इंटेलनं पुढे ती मालिकाच बंद केली. आज बहुतेक ठिकाणी त्याच कामासाठी जीपीयू, म्हणजे मुळात ग्राफिक्ससाठीची कार्डं, असतात. वीज, उष्णता, ड्रायव्हर, जॉबची रांग हे प्रश्न मात्र तेच आहेत, त्यामुळे जुन्या कार्डावर शिकवलं तरी ते वाया जात नाही. निदान एक दिवस जीपीयूवर मिळावा, एवढं बघा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो : पाच दिवसांच्या सर्टिफिकेटवर ती मिळणार नाही. पण पुण्यात या कामाला जागा आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हवामानाच्या अंदाजासाठी 2018 मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक आला, 2024 मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' सुरू झाला. अशा यंत्रांची रोज निगा राखणारी माणसं लागतात. या पाच दिवसांत गोडी लागली, तर बी.ई.नंतर सी-डॅकच्या पदविकांचा विचार करता येईल.

दिवाळीला अजून अवकाश आहे. तोवर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर त्याला लिनक्स टाकू द्या आणि रोजचं काम त्यावरच करू द्या. टर्मिनलपुढे, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीपुढे, अडखळला, तर पाचातले दोन दिवस तिथेच जातील.