रिपोर्ट बदलला म्हणून घाबरू नका, आणि कधीच बदलत नाही म्हणून भुलू नका

मिरजेजवळच्या एका गावातून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा नववीत, आठवीपासून सेमी इंग्लिश, वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जूनमध्ये बाईंनी वर्गात लक्षणांची एक यादी भरली आणि ‘लर्निंग डिसॅबिलिटीची शक्यता’, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यात अडचण असू शकते, असा कागद घरी आला. ऑगस्टमध्ये शाळेतच कॉम्प्युटरवर इंग्रजीतून ॲप्टिट्यूड टेस्ट झाली, त्यात अंकक्षमतेला ३१ आणि खाली शेरा की सायन्स नको. डिसेंबरमध्ये एका क्लासवाल्यांनी मराठीतून दुसरी टेस्ट घेतली, तिथे ५२ आणि शेरा की सायन्स चालेल. आता मिस्टर म्हणतायत की पाच हजार भरून बोटांच्या ठशांची टेस्ट करू, कारण ‘तो रिपोर्ट कधी बदलत नाही’. आई विचारतात, “कुठला रिपोर्ट खरा धरू? पोरगा हल्ली स्वतःलाच ढ म्हणायला लागलाय.”

ताई, नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सायन्स-कॉमर्सचं ठरवायला अजून वर्ष आहे, पण त्या शब्दाचं आजच काहीतरी करायला हवं. म्हणून हे उत्तर मुलालाही वाचायला द्या.

आधी ते ३१. तुम्ही पत्रात ‘३१ मार्क पडले’ लिहिलंय, आणि मला वाटतं घरातली निम्मी काळजी तिथूनच सुरू झालीय. ते मार्क नाहीत, तो पर्सेंटाइल आहे. म्हणजे ज्या मुलांशी तुलना केली त्यातली शंभरातली साधारण ३१ त्याच्या मागे आहेत, एवढाच अर्थ. ३५ ला पास आणि ३१ ला नापास असं त्यात काही नसतं. हे रिपोर्ट देतानाच सांगायला हवं होतं, आणि सांगितलं जात नाही याचा मला खरंच राग येतो.

आता ३१ आणि ५२ एवढा फरक कसा, तर कुठल्याही टेस्टच्या आकड्याला थोडी हालचाल असतेच. पोरगा त्या दिवशी झोपलेला कसा होता, दोन उत्तरं अंदाजाने बरोबर आली की चुकली, एवढ्यानेही आकडा हलतो. हा आकडा किती स्थिर आहे त्याला विश्वसनीयता म्हणतात, ती ० ते १ मध्ये मोजतात आणि चांगल्या टेस्टच्या पुस्तिकेत छापलेली असते. समजा अंकक्षमतेच्या भागाची ती ०.८० आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. तरीसुद्धा ३१ पर्सेंटाइलचा अर्थ निघतो ‘बहुतेक १७ ते ४८ च्या मध्ये कुठेतरी’, आणि ५२ चा अर्थ ‘बहुतेक ३५ ते ६९ च्या मध्ये’. या दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात ना? मग दोन्ही रिपोर्ट एकाच मुलाचे असू शकतात, त्यात कुणी खोटं बोलत नाहीये. चूक आकड्याची नाही, त्याच्याखाली ‘सायन्स नको’ लिहिणाऱ्याची आहे. एवढ्या रुंद पट्टीवरून असा शेरा मारताच येत नाही, आणि ‘सायन्स चालेल’ असाही मारता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे टेस्ट नक्की काय मोजतेय. याला सप्रमाणता म्हणतात, काही जण वैधता म्हणतात. मागच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला होता, घरी पिठाची गिरणी. इंग्रजी टेस्टमध्ये दोन चाकं आणि त्यांच्यावरून पट्टा असं चित्र होतं, पट्टा मध्ये फुलीसारखा ओलांडलेला, आणि विचारलं होतं की दुसरं चाक कुठल्या बाजूला फिरेल. त्याने प्रश्न कोरा सोडलेला. मी तेच चित्र पुढे ठेवून मराठीत विचारलं तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणाला, “पट्टा पीळ देऊन टाकलाय, उलटं फिरणार.” आणि हाताने फिरवून दाखवलं. त्याला चाक कळत होतं, ‘पुली’ आणि ‘क्लॉकवाइज’ हे शब्द कळत नव्हते. त्या टेस्टने त्याचं इंग्रजी मोजलं आणि रिपोर्टमध्ये नाव दिलं यांत्रिक क्षमता! तुमच्या मुलाची इंग्रजीतली आणि मराठीतली टेस्ट शेजारी ठेवली की मला पहिली शंका हीच येते, ठाम मी बघितल्यावरच सांगेन.

म्हणून तर आपल्याकडच्या जुन्या लोकांनी परदेशी टेस्ट जशीच्या तशी वापरली नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची पहिली बुद्धिमापन चाचणी १९०५ ची, पॅरिसच्या शाळांतल्या कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते शोधायला बनवलेली. कामत यांनी ती धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली, आणि वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मुलांची बुद्धिमापन चाचणी मलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार केली. आपल्या मुलांवर घेऊन बघितल्याशिवाय तुलनेचा आकडा देता येत नाही हे त्यांना माहीत होतं. अर्थात त्या तुलनाही जुन्या होत जातात, म्हणून टेस्ट कुठली एवढंच नाही, तिची मानकं, म्हणजे तुलनेचे आकडे, कुठल्या मुलांवर, कुठल्या भाषेत आणि कुठल्या साली काढली हेही विचारायचं. हा तुमचा हक्क आहे, विचारताना संकोच नको.

आता जूनचा कागद. शाळेत आरोग्य तपासणीला पथक येतं ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरपासूनच सुरू झाला. तिथे पोराला लांबचा तक्ता वाचता आला नाही तर कुणी तिथल्या तिथे नंबर काढून चष्मा घालत नाही, पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात. बाईंनी भरलेली यादी ही तशीच चाळणी आहे. चाळणीचं काम कुणी सुटू नये हे, त्यामुळे तिच्यात नको ते पण अडकतात. हिशोब करून दाखवते. धरा की शाळेत २०० मुलं आहेत आणि त्यातल्या २० ना खरंच अडचण आहे. यादी बऱ्यापैकी चांगली आहे, दर दहात आठ वेळा बरोबर सांगते. म्हणजे त्या २० पैकी १६ सापडली, ४ सुटली. उरलेल्या १८० मध्ये दहात दोनदा चुकली म्हणजे ३६ मुलांवर उगाच खूण झाली. एकूण ५२ घरी कागद गेले आणि त्यातले खरे १६, तिसरा हिस्सासुद्धा नाही. आकडे मी समजावायला घेतलेत, पण हे गणित प्रत्येक चाळणीला लागू आहे. त्यामुळे त्या कागदावरून मुलाला काहीतरी आहे असं धरू नका, आणि काही नाहीच म्हणून कागद ड्रॉवरमध्येही टाकू नका.

बाईंना यादी कुठली ते नक्की विचारा. मराठीत डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीसाठी, ‘डाली’ नावाचं चांगलं साधन आहे, पण त्यातली शिक्षकांनी भरायची चाळणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. लहान वर्गांची यादी नववीच्या पोराला लावली असेल तर तिचा उपयोग नाही. मात्र तो घरी वाचताना ओळी गाळत असेल, तोंडी येणारं लिहिताना अडत असेल, आणि हे प्राथमिकपासून मराठीतही होत असेल, तर पूर्ण तपासणी करून घ्याच. आधी डोळे आणि कान, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, कारण बोर्डाच्या सवलतींना अधिकृत प्रमाणपत्र लागतं. निघालं तरी लाज वाटायचं काही कारण नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आहे, दहावीला जास्तीचा वेळ वगैरे मिळतो, आणि अशी मुलं सायन्सला जातात, मी पाठवलीत.

राहिली बोटांच्या ठशांची टेस्ट. मिस्टरांचं म्हणणं खरं आहे, ठसे जन्मभर बदलत नाहीत म्हणून रिपोर्टही बदलणार नाही. पण दहा वेळा तेच उत्तर आलं म्हणून ते बरोबर होत नाही. दुकानात मीटरचा काटा अडकला तर तो प्रत्येक मोटारीला तेच व्होल्टेज दाखवेल, त्यावर भरवसा ठेवून मिस्टर वाइंडिंग करतील का? त्यांना एवढंच विचारा, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ठशांवरून बुद्धी किंवा करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही तसं स्पष्ट सांगितलंय. शेजाऱ्यांना ‘अगदी तंतोतंत वर्णन’ वाटलं असेल तर त्याचंही कारण आहे. १९४८ मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन ‘तुमचा स्वतंत्र रिपोर्ट’ म्हणून वाटलं, तर मुलांनी ते किती जुळतं याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! ते पाच हजार वाचवा.

मग ठरवायचं कशावरून? अकरावीचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, ॲप्टिट्यूडचा रिपोर्ट तिथे कुणी मागत नाही. मी असल्या केसमध्ये आधी वर्षभराचे गणित-विज्ञानाचे पेपर बघते, मार्क नाही, पेपर. कुठली पायरी चुकते ते बघते. कल चाचणी दिली तर तीही बघा, पण ती आवड सांगते, जमेल की नाही ते सांगत नाही. आणि दुकानात तो काय करतो हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीये. कॉइलचे वेढे मोजतो का, कनेक्शन स्वतः जोडतो का? जोडत असेल तर सायन्सइतकाच डिप्लोमाचा आणि आयटीआयचाही विचार मनापासून करू, पडलेल्यांची जागा म्हणून नाही.

दोन्ही रिपोर्ट, जूनचा कागद आणि नववीचे गणिताचे सगळे पेपर घेऊन मार्चमधल्या एखाद्या शनिवारी या. परत टेस्ट लागलीच तर मी मराठीतून घेईन, आणि परीक्षा संपून आठवडा तरी गेल्यावर. मिस्टरांनाही दुकान अर्धा दिवस बंद ठेवून यायला सांगा, त्याच्या हाताचं काम त्यांनीच सगळ्यात जवळून बघितलंय.